विश्लेषण : ठासणीच्या बंदुकीतून हजार यार्डांवर नेम कसा साधला? जोसेफ व्हिटवर्थ यांची षटकोनी गोळी काय होती?

घरातल्या नळाचा जोड प्लंबर ज्या आट्यांवर फिरवतो, त्या आट्यांचा कोन ५५ अंशांचा असतो. हा कोन १८४१ मध्ये मँचेस्टरच्या जोसेफ व्हिटवर्थ यांनी ठरवला. आयटीआयमध्ये फिटरचा अभ्यासक्रम केलेल्यांना ‘बीएसडब्ल्यू’ ही अक्षरे पाठ असतात. त्यातला डब्ल्यू व्हिटवर्थ यांचाच. पण या माणसाने आयुष्यातली ऐन कर्तृत्वाची वर्षे, पैसा आणि मनस्ताप खर्च केला तो एका वेगळ्याच प्रश्नावर. तोंडाकडून दारू आणि गोळी ठासून भरायच्या बंदुकीतून सुटलेली लांबट, टोकदार गोळी दरवेळी एकाच जागी का लागत नाही, हा तो प्रश्न. त्याचे उत्तर त्यांना सापडले, ते लष्करी चाचणीत सिद्धही झाले. तरीही त्यांच्या देशाच्या लष्कराने त्यांची बंदूक मुख्य शस्त्र म्हणून कधीच घेतली नाही.

व्हिटवर्थ कोण होते?

जोसेफ व्हिटवर्थ यांचा जन्म २१ डिसेंबर १८०३ रोजी इंग्लंडमधील स्टॉकपोर्ट येथे झाला. वडील शाळामास्तर, पुढे धर्मोपदेशक झाले. आई लवकर गेली. चौदाव्या वर्षी जोसेफ यांना डर्बीशायरमधील मामाच्या सूतगिरणीत कामाला लावण्यात आले. पुढे-मागे गिरणी सांभाळावी, असा घरच्यांचा बेत होता. मुलाचे मन मात्र सुतापेक्षा सूत काढणाऱ्या यंत्रात रमले. गिरणीतली यंत्रे ओबडधोबड होती, एकाचा भाग दुसऱ्याला बसत नसे आणि ते त्यांना खटकत असे. काही वर्षांनी ते मामाला सोडून मँचेस्टरला गेले आणि साधे कामगार म्हणून यंत्रशाळेत लागले. १८२५ मध्ये फॅनी अँकर्स यांच्याशी लग्न केले आणि त्याच वर्षी लंडन गाठले.

लंडनमध्ये हेन्री मॉडस्ले यांच्या कारखान्यात त्यांना काम मिळाले. त्या काळात यंत्रकारागिरीत याहून मोठी शाळा नव्हती. पुढे ते जोसेफ क्लेमंट यांच्याकडेही होते. चार्ल्स बॅबेज यांचे गणनयंत्र तेव्हा तिथेच घडत होते. याच काळात व्हिटवर्थ यांनी खरोखर सपाट पृष्ठभाग तयार करण्याची पद्धत पक्की केली. दोन लोखंडी पाट एकमेकांवर घासले तर एक खोलगट आणि दुसरा फुगीर होऊनही ते एकमेकांना चपखल बसू शकतात. तीन पाट आळीपाळीने एकमेकांवर लावून पाहिले आणि जिथे उंचवटा दिसेल तिथे हाताने खरवडले, तर ही फसगत होत नाही. तिन्ही सपाटच व्हावे लागतात. आजही सरफेस प्लेट समजावून सांगताना शिक्षक हीच गोष्ट सांगतात.

१८३३ मध्ये ते मँचेस्टरला परतले आणि लंडनहून आलेला हत्यार बनवणारा अशी पाटी लावून त्यांनी स्वतःचा कारखाना काढला. प्रत्येक कारखान्याचे स्क्रू वेगळे, हा तेव्हाचा नियमच होता. व्हिटवर्थ यांनी ठिकठिकाणच्या यंत्रशाळांतून बोल्ट गोळा केले, त्यांचे आटे मोजले, सरासरी काढली आणि एक प्रमाण सुचवले. पाव इंची बोल्टला इंचामागे २० आटे, कोन ५५ अंश. रेल्वे कंपन्यांनी ते उचलले. विलायती यंत्रांबरोबर ते मुंबईच्या गिरण्यांत आणि रेल्वेच्या कारखान्यांतही आले. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात त्यांनी इंचाचा दहा लाखावा भाग दाखवणारे मापनयंत्र मांडले, तेव्हा इंग्लंडमध्ये यंत्रे बनवणाऱ्यांत त्यांच्या तोडीचा माणूस नाही, हे सर्वमान्य झाले होते.

गोल गोळी जाऊन टोकदार गोळी का आली?

कोकणात शेताच्या राखणीसाठी वापरली जाणारी ठासणीची बंदूक ज्यांनी पाहिली आहे, त्यांना मूळ अडचण लगेच कळेल. गोळी तोंडाकडून आत सरकायची तर ती नळीपेक्षा थोडी लहान हवी. लहान असली की ती आत खडखडत जाते, बाजूने दारूचा जोर निसटतो आणि बाहेर पडताना ती कुठल्या कडेला शेवटची आपटली त्यावर तिची दिशा ठरते. म्हणून जुन्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीचा शंभर यार्डांपलीकडे भरवसा नसे.

नळीच्या आत पीळदार खाचा पाडल्या तर गोळी भोवऱ्यासारखी फिरत जाते आणि सरळ जाते, हे शतकांपूर्वीच माहीत होते. पण त्यासाठी गोळी खाचांत घट्ट बसायला हवी. घट्ट गोळी ठोकून ठोकून आत ढकलायला वेळ लागतो. शिकाऱ्याला तो परवडतो, रांगेत उभ्या असलेल्या शिपायाला नाही.

यावर १८४९ मध्ये फ्रेंच अधिकारी क्लोद-एतिएन मिनिए यांचा तोडगा पुढे आला. गोळी लांबट आणि टोकदार, नळीपेक्षा किंचित लहान आणि बुडाशी पोकळ. ती सहज आत जाते. बार उडाला की दारूचा वायू पोकळीत शिरून मऊ शिसे फुगवतो आणि गोळी खाचांत रुतते. अशीच कल्पना त्याआधी ब्रिटिश अधिकारी जॉन नॉर्टन यांनी मांडली होती. दक्षिण भारतात फुंकनळीने बाण मारणारे लोक बाणाच्या बुडाशी मऊ भेंड लावून हवा अडवतात, हे पाहून त्यांना ती सुचली, असे सांगितले जाते. ब्रिटिश लष्कराने मात्र मिनिएंना २० हजार पौंड दिले आणि त्याच तत्त्वावरची एनफिल्ड रायफल १८५३ मध्ये स्वीकारली.

सरकार व्हिटवर्थ यांच्याकडे का गेले?

क्रिमियाचे युद्ध तोंडावर होते. लाखो रायफली हव्या होत्या आणि इंग्लंडमध्ये बंदुका हाताने, सुट्या कारागिरांकडून घडत होत्या. दोन बंदुकांचे भाग एकमेकांना लागतीलच, याची खात्री नव्हती. १८५४ मध्ये सरसेनापती लॉर्ड हार्डिंज यांनी व्हिटवर्थ यांना रायफली बनवणारी यंत्रे तयार करण्याची विनंती केली. हे हार्डिंज म्हणजे पहिल्या इंग्रज-शीख युद्धाच्या वेळचे भारताचे गव्हर्नर जनरल.

व्हिटवर्थ यांनी आधी बंदूकवाल्यांकडे चौकशी केली. एक नळी चांगली मारते आणि दुसरी, दिसायला तशीच, मारत नाही. याचे कारण काय? कोणालाच सांगता येईना. प्रत्येकाचा एक ठोकताळा, एक वडिलोपार्जित गुपित. ज्या वस्तूचे गुण कशामुळे येतात ते माहीत नाही, ती लाखांनी बनवणारे यंत्र उभारण्यात अर्थ नाही, असे त्यांनी सरकारला कळवले. आधी प्रयोग, मग यंत्रे. स्वतःच्या श्रमाचा मोबदला ते घेणार नव्हते, फक्त खर्च सरकारने करायचा होता. (सरकारने तोवर एनफिल्डच्या कारखान्यासाठी अमेरिकेतून यंत्रे मागवली, घाई होती.)

पाचशे यार्डांच्या शेडमध्ये काय घडले?

मँचेस्टरजवळ व्हिटवर्थ यांच्या बंगल्याच्या आवारात पाचशे यार्ड, म्हणजे सुमारे ४५७ मीटर लांबीचे छत घातलेले दालन उभे राहिले. वाऱ्याने गोळी हलू नये, एवढ्यासाठी ते होते. वाऱ्याने गोळीऐवजी पहिल्यांदा दालनच पाडले. वादळात ते कोसळले, पुन्हा बांधले गेले आणि मार्च १८५५ मध्ये प्रयोग सुरू झाले.

पद्धत साधी होती. बंदूक माणसाच्या खांद्यावर नाही तर घट्ट टेकूवर. वाटेत ठरावीक अंतरावर पातळ कागदाचे पडदे. गोळी प्रत्येक पडद्याला भोक पाडत जाई. त्या भोकांवरून ती कुठे खाली आली, कुठे सरकली, सरळ जात होती की कोलमडत होती, हे सगळे कागदावर उमटत असे. वेडीवाकडी गेलेली गोळी गोल भोक पाडत नाही, आडवा फाटा पाडते. नेमबाजाच्या डोळ्याला आणि हाताला यात काही कामच उरले नव्हते. मग एका वेळी एकच गोष्ट बदलायची. नळीचा व्यास, पिळाचा वेग, गोळीची लांबी, दारूचे वजन.

निष्कर्ष असा निघाला. एनफिल्डच्या नळीचा व्यास ०.५७७ इंच होता आणि पीळ ७८ इंचांत एक फेरा. नळीच होती ३९ इंचांची, म्हणजे गोळी बाहेर पडेपर्यंत जेमतेम अर्धी फिरत असे. लांबट गोळीला एवढी फिरकी पुरत नाही; भोवरा मंदावला की जसा डुलतो तशी ती हवेत डुलू लागते. व्हिटवर्थ यांनी व्यास ०.४५१ इंचांवर आणला आणि पीळ २० इंचांत एक फेरा एवढा तीव्र केला. गोळीचे वजन एनफिल्डइतकेच, ५३० ग्रेन, म्हणजे सुमारे ३४ ग्रॅम. तेवढेच शिसे बारीक नळीत बसवायचे म्हटल्यावर गोळी लांब झाली, रुंदीच्या जवळजवळ तिप्पट. बारीक आणि लांब गोळीला हवा कमी अडवते, म्हणून ती वेग टिकवते. तीव्र पिळामुळे ती टोक पुढे ठेवूनच जाते. हे दोन बदल एकमेकांवाचून निरुपयोगी होते. एनफिल्डच्या मंद पिळात ही गोळी टाकली असती तर ती वाटेतच कोलमडली असती.

तिसरी गोष्ट लोकांच्या लक्षात राहिली. नळीला खाचा पाडण्याऐवजी व्हिटवर्थ यांनी तिचे छिद्रच षटकोनी केले आणि ते पीळ देत नेले. गोळीही तशीच पिळलेली षटकोनी. बरणीचे झाकण जसे आट्यांवर बसते, तशी ती नळीत फिरत उतरे. तिला फुगण्याची गरज नव्हती, त्यामुळे ती मऊ शिशाऐवजी कठीण धातूचीही करता येई. सपाट पाट आणि आटे यांवर पंचवीस वर्षे घालवलेल्या माणसालाच सुचावी अशी ही कल्पना होती. पण तिच्याबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. मऊ शिशाची साधी गोल कडेची लांब गोळी याच नळीतून मारली तरी ती फुगून षटकोनी होई आणि जवळपास तितकीच नेमकी लागे. खरे श्रेय बारीक व्यासाला आणि तीव्र पिळाला होते. कोपरे ही कारागिराची हौस होती, असे म्हटले तर फार चूक होणार नाही.

हाइथच्या चाचणीत काय सिद्ध झाले?

केंट परगण्यातील हाइथ येथे लष्कराची नेमबाजी शाळा होती. एप्रिल १८५७ मध्ये युद्धमंत्री लॉर्ड पॅनम्युअर यांच्यासमोर दोन्ही रायफलींची परीक्षा झाली. गोळ्यांच्या समूहाच्या मध्यापासून प्रत्येक गोळी सरासरी किती लांब पडली, हे माप धरले होते. ५०० यार्डांवर व्हिटवर्थचे उत्तर ०.३७ फूट आले, म्हणजे साडेचार इंचांच्या आत. एनफिल्डचे २.२४ फूट. ११०० यार्डांवर, म्हणजे एक किलोमीटरवर, व्हिटवर्थ २.६२ फूट आणि एनफिल्ड ८ फुटांहून जास्त. १४०० यार्डांवर एनफिल्डला लक्ष्य सापडेना. व्हिटवर्थच्या गोळ्या अजून लागत होत्या.

त्याच आठवड्यांत भारतात एनफिल्डच्या काडतुसावरून भडका उडत होता. २९ मार्चला बराकपूरला मंगल पांडे यांनी शस्त्र उचलले, १० मे रोजी मेरठ पेटले. काडतुसाला चरबी का लागत होती, याचे उत्तर ठासणीच्या बंदुकीच्या याच अडचणीत आहे. काळी दारू जळली की तिचा निम्म्याहून अधिक भाग धूर आणि घन अवशेष होऊन राहतो. नळीत कडक काजळी धरते. दहा-पंधरा बारांनंतर गोळी आत उतरत नाही. म्हणून एनफिल्डची गोळी वंगण लावलेल्या कागदासकट आत ठासली जाई. वंगण काजळी मऊ ठेवी. त्या कागदाचे दुसरे टोक शिपायाने दाताने फाडायचे, असा कवायतीचा नियम होता. ते वंगण गाय आणि डुकराच्या चरबीचे असल्याची बातमी पसरली आणि पुढचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे.

राणीने झाडलेली गोळी

२ जुलै १८६० रोजी विम्बल्डनच्या माळरानावर राष्ट्रीय रायफल संघटनेची पहिली स्पर्धा भरली. उद्घाटनाचा बार राणी व्हिक्टोरिया यांच्या हस्ते होणार होता. व्हिटवर्थ यांनी आपली रायफल लोखंडी टेकूवर रोखून ठेवली आणि चापाला रेशमी दोरी बांधली. राणीने दोरी ओढली. ४०० यार्डांवरच्या लक्ष्याच्या मध्यापासून सव्वा इंचावर गोळी लागली. बंदुकीला याहून चांगली जाहिरात मिळणे शक्य नव्हते. पुढची काही वर्षे लांब पल्ल्याच्या स्पर्धांत व्हिटवर्थ रायफलचाच बोलबाला होता. ठासणीच्या जुन्या बंदुकांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत आजही १०० मीटरच्या एका प्रकाराचे नाव व्हिटवर्थ आहे आणि दुसऱ्या एकाचे मिनिए. तिथले नेमबाज दारू तोलून घेतात, गोळीचे टोक चेपू नये म्हणून गजाच्या तोंडाला खोलगट वाटी ठेवतात, दारू आणि गोळी यांच्यात पोकळी राहू देत नाहीत आणि दोन बारांमध्ये नळी पुसतात.

मग लष्कराने नकार का दिला?

नेमका या पुसण्यातच नकार दडलेला होता. स्पर्धेत नळी पुसायला वेळ असतो. युद्धात शिपायाला मिनिटाला दोन-तीन बार टाकायचे असतात. घट्ट बसणाऱ्या बारीक नळीत काजळी लवकर अडथळा करते. सैल नळीची एनफिल्ड घाण झाली तरी चालत राही. व्हिटवर्थ रायफल बनवायला महागही होती. शिवाय अधिकाऱ्यांना ०.४५१ इंच हा व्यासच लष्करी कामाला फार लहान वाटला. नेम किती अचूक हा व्हिटवर्थ यांचा प्रश्न होता. कमी शिकलेल्या, घाबरलेल्या, पावसात भिजलेल्या माणसाच्या हातात काय चालेल, हा लष्कराचा. दोघांचीही उत्तरे आपापल्या प्रश्नापुरती बरोबर होती. १८६० नंतर काही हजार व्हिटवर्थ रायफली पलटणींना अजमावण्यासाठी दिल्या गेल्या, तेवढेच.

व्हिटवर्थ यांना हे कधी पटले नाही. ते तापट होते, तडजोड त्यांच्या स्वभावात नव्हती. तोफांच्या बाबतीत तर जखम अधिक खोल झाली. न्यूकॅसलच्या विल्यम आर्मस्ट्राँग यांनी आपले तोफेचे पेटंट सरकारला देऊन टाकले, त्यांना सर ही पदवी आणि सरकारी हुद्दा मिळाला. व्हिटवर्थ यांची षटकोनी तोफ मागे राहिली. पुढची कित्येक वर्षे दोघांच्या तोफांची तुलना समित्यांपुढे चालली.

अमेरिकेत ही रायफल कोणाच्या हाती गेली?

ब्रिटिश लष्कराने नाकारलेल्या या बंदुकीचा खरा युद्धातला वापर झाला तो अमेरिकेच्या यादवी युद्धात, गुलामगिरी टिकवण्यासाठी लढणाऱ्या दक्षिणेकडून. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे अडवली होती. याच नाकेबंदीमुळे मँचेस्टरचा कापूस तुटला, मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि शहरात शेअरचा जुगार माजला. नाकेबंदी चुकवून जाणाऱ्या जहाजांतून थोड्याशा व्हिटवर्थ रायफली दक्षिणेत पोहोचल्या. संख्येने फार नव्हत्या, म्हणून निवडक नेमबाजांनाच दिल्या जात. काहींवर डाव्या बाजूला दुर्बीण बसवलेली असे. ती बनवणारे डेव्हिडसन हे स्कॉटिश अधिकारी पूर्वी मुंबईच्या लष्करात होते. षटकोनी गोळी हवेतून जाताना वेगळीच शिट्टी वाजे आणि ती ऐकून उत्तरेचे तोफखानेवाले जमिनीला टेकत.

९ मे १८६४ रोजी व्हर्जिनियातील स्पॉटसिल्व्हेनिया येथे उत्तरेचे जनरल जॉन सेजविक तोफांची जागा पाहत होते. दुरून गोळ्या येत होत्या, सैनिक चुकवत होते. एवढ्या अंतरावरून हत्तीलाही गोळी लागायची नाही, अशी सेजविक यांनी त्यांची थट्टा केली आणि काही क्षणांत डोळ्याखाली गोळी लागून ते कोसळले. ती गोळी व्हिटवर्थचीच होती, असे तेव्हापासून मानले जाते. निर्विवाद पुरावा नाही. सेजविक यांचा अंदाज मात्र एनफिल्डवर पोसलेला होता, एवढे नक्की.

पुढे काय झाले?

ठासणीच्या बंदुकीचे दिवसच संपत आले होते. १८६० च्या दशकात मागून काडतूस भरायच्या रायफली आल्या. विल्यम मेटफर्ड यांनी उथळ खाचा आणि कागद गुंडाळलेली कठीण गोळी वापरून कोपऱ्यांशिवायही तोच नेम साधता येतो, हे दाखवले. १८७१ मध्ये ब्रिटिश लष्कराने मार्टिनी-हेन्री रायफल घेतली. तिचा व्यास ०.४५ इंच होता आणि पीळ २२ इंचांत एक फेरा. बारा-चौदा वर्षांपूर्वी ज्या आकड्याला फार लहान म्हणून नाकारले होते, जवळपास तोच. रायफलवर नाव मात्र दुसऱ्यांचे होते.

व्हिटवर्थ तोवर पोलादाकडे वळले होते. तोफांच्या नळ्या फुटू नयेत म्हणून वितळलेले पोलाद दाबाखाली थिजवण्याची पद्धत त्यांनी बसवली. १८६८ मध्ये त्यांनी एक लाख पौंड बाजूला काढून तरुण यंत्रज्ञांसाठी वर्षाला १०० पौंडांच्या ३० शिष्यवृत्त्या सुरू केल्या. पुस्तकी ज्ञान आणि हाताचे कौशल्य, दोन्हींची परीक्षा घेणाऱ्या या शिष्यवृत्त्या अजून चालू आहेत. १८६९ मध्ये त्यांना बॅरोनेट करण्यात आले. फॅनी त्यांच्यापासून वेगळ्या राहत होत्या, १८७० मध्ये त्या वारल्या. पुढच्या वर्षी त्यांनी मेरी लुइझा ऑरेल यांच्याशी लग्न केले. मूल झाले नाही. २२ जानेवारी १८८७ रोजी माँटे कार्लो येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या पैशातून मँचेस्टरमध्ये कलादालन उभे राहिले, रुग्णालयाला आणि शिक्षणसंस्थांना मदत झाली.

दहा वर्षांनी, १८९७ मध्ये, त्यांची कंपनी विकली गेली. विकत घेणारे होते न्यूकॅसलचे आर्मस्ट्राँग. नव्या कंपनीच्या पाटीवर दोन्ही नावे एकत्र आली : आर्मस्ट्राँग व्हिटवर्थ.